एसीच्या तक्रारीमागे हीटरची झडप

परभणी जिल्ह्यातील मानवतमध्ये मोटारीचा हीटर लावण्याची वेळ वर्षातून क्वचितच येते, आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे सरकतो तेव्हा गाडीत असा काही भाग आहे याचेही स्मरण मालकाला राहत नाही. तरीही जुन्या आलिशान गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला, तर गॅस भरण्यावर आणि कॉम्प्रेसर बदलण्यावर पैसे घालण्यापूर्वी हीटरच्या पाण्याची वीजनियंत्रित झडप तपासावी लागते. १९९५ मध्ये मर्सिडीज-बेंझने टेल्कोच्या सहकार्याने पुण्यात ई-२२० या गाडीपासून भारतातील जोडणी सुरू केली. ती गाडी ज्या डब्ल्यू-१२४ मालिकेतील होती, त्या मालिकेत, पुढच्या डब्ल्यू-२१० मालिकेत आणि बीएमडब्ल्यूच्या त्या काळातील ई-३९ मालिकेत अशी झडप आढळते.

अनेक साध्या गाड्यांत हीटरमधून गरम पाणी सतत फिरते आणि किती हवा त्यावरून जाऊ द्यायची हे एक हलते झाकण ठरवते. या गाड्यांत मात्र हवेऐवजी पाण्याचा प्रवाह कमी-जास्त केला जातो. हवा आधी इव्हॅपोरेटरवरून, म्हणजे एसीच्या थंड जाळीवरून, आणि मग हीटरच्या जाळीवरून जाते. या दुसऱ्या जाळीत इंजिनाचे ८० ते ९० अंश तापलेले पाणी किती सोडायचे हे झडप ठरवत असल्यामुळे ती नीट बंद झाली नाही, तर एसीने गार केलेली हवा आत येण्यापूर्वीच पुन्हा तापते.

या झडपेच्या डोक्यावर सोलेनॉइड, म्हणजे वीज वाहताच चुंबकासारखे वागणारे तारेचे वेटोळे (कॉइल) असते, आणि त्याच्या ओढीने आतला दट्ट्या सरकून मार्ग बंद होतो. वीज नसताना झडप उघडी राहते, ही या रचनेतील कळीची गोष्ट आहे. युरोपातील हिवाळ्यात वायर तुटली तरी प्रवाशांना ऊब मिळावी आणि काचेवरचे धुके हटावे, या दृष्टीने हे सोयीचे आहे; मराठवाड्यात मात्र तीच सोय उलटते, कारण फ्यूज उडाला, कॉइल जळाली किंवा कनेक्टर गंजला की ऐन उन्हाळ्यात हीटर पूर्ण क्षमतेने चालू होतो. शिवाय इथे गार हवाच हवी असल्याने कॉइलमधून बहुतेक वेळ वीज वाहत राहते आणि बोनेटखालच्या उष्णतेत तिच्यावरचा ताण वाढतो. कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी ओतण्याची सवय त्यात भर घालते; त्या पाण्यातील क्षार झडपेच्या बैठकीवर साचतात आणि दट्ट्या पूर्ण टेकत नाही. दट्ट्याभोवतीचा रबरी पडदा फाटला, तर पाणी कॉइलपर्यंत पोचून शॉर्ट होण्याची आणि नियंत्रण एककही बिघडण्याची भीती असते.

दोष कुठे आहे हे ठरवण्यास मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. इंजिन तापल्यावर तापमान सर्वांत कमी ठेवावे आणि झडपेपुढचा, हीटरकडे जाणारा पाइप जपून चाचपावा. तो तसाच तापलेला राहिला, तर पाणी पुढे जात आहे. मग कनेक्टरवर मल्टिमीटरने १२ व्होल्टचा पुरवठा तपासावा. पुरवठा नसेल, तर फ्यूज, वायर किंवा नियंत्रण एकक दोषी असते. पुरवठा असूनही टक्क असा आवाज येत नसेल, तर कॉइलचा रोध मोजावा. तो साधारण १० ते २० ओहमांच्या आसपास असतो, आणि मीटर काहीच दाखवत नसेल, तर कॉइल तुटलेली आहे. आवाज येऊनही पाइप गरम राहिला, तर दोष दट्ट्या, पडदा किंवा बैठकीत आहे.

दुरुस्ती इंजिन पूर्ण निवल्यावरच करावी, कारण दाबाखालचे तापलेले कूलंट अंगावर उडू शकते. पाइप चिमटवून झडपेचे स्क्रू काढल्यावर साचलेले क्षार साफ करता येतात. काही मॉडेलांत आतला दट्ट्या-पडद्याचा संच स्वतंत्रपणे मिळतो, इतरत्र पूर्ण झडप बदलावी लागते. जुने, कडक झालेले रबरी पाइप आणि क्लिपा त्याच वेळी बदलणे श्रेयस्कर असते. त्यानंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे सम प्रमाणातील मिश्रण भरून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवावे, म्हणजे अडकलेली हवा बाहेर पडते.

झडप वगळून हीटरचे दोन्ही पाइप परस्पर जोडण्याचा स्वस्त पर्यायही अनेक गॅरेजांत सुचवला जातो. मानवतच्या उन्हाळ्यात त्याने एसी लगेच गार होतो. परंतु रस्त्यात इंजिन तापू लागल्यास हीटर चालू करून काही उष्णता बाहेर काढण्याचा मार्ग त्यामुळे बंद होतो. म्हणून नवा भाग येईपर्यंतची तात्पुरती तजवीज एवढीच त्याची किंमत धरावी.