सीडी सुरू होते, डिस्क फॉर्मॅट होत नाही

कोऱ्या डिस्कवर लिनक्स बसवायचे, तर इन्स्टॉलेशन सीडीवर दोन वेगळ्या गोष्टी लागतात. एक म्हणजे फाइल सिस्टीम वाचणारा-लिहिणारा कर्नल, आणि दुसरी म्हणजे ती फाइल सिस्टीम मुळात घडवणारी अवजारे. कर्नलला एक्सएफएस ही फाइल सिस्टीम कळते म्हणून सीडीवरून एक्सएफएसची डिस्क तयार करता येईलच असे नाही. ते काम कर्नलबाहेरचे छोटे प्रोग्रॅम करतात. ईएक्सटी४ साठी ई२एफएसप्रॉग्ज, एक्सएफएससाठी एक्सएफएसप्रॉग्ज, अशी त्यांची वेगवेगळी पॅकेजेस असतात आणि सीडी बनवणाऱ्याने ती आठवणीने घालावी लागतात. ती राहिली, तर सीडी नीट सुरू होते, डिस्कही दिसते, पण फॉर्मॅटची आज्ञा देताच ‘कमांड नॉट फाउंड’ एवढेच उत्तर येते.

नेहमीच्या पीसीवर असली चूक फार दिवस टिकत नाही. वापरणारे इतके असतात की कोणीतरी ती लगेच कळवते. पॉवरपीसी, स्पार्क, अल्फा, पीए-रिस्क या आडवळणाच्या प्रोसेसरांच्या यंत्रांवर मात्र त्यांच्यासाठीची सीडी महिनोन्‌महिने कोणी लावूनही पाहत नाही. त्यात इंटेल प्रोसेसरसाठी कंपाइल केलेला प्रोग्रॅम या यंत्रांवर चालत नाही, त्यामुळे शेजारच्या लॅपटॉपवरचे अवजार पेनड्राइव्हवर आणूनही उपयोग शून्य.

पॉवरपीसी प्रोसेसरच्या जुन्या मॅकवर ही अडचण सर्वांत चमत्कारिक रूपात दिसते. ॲपलने हे प्रोसेसर १९९४ ते २००६ या काळात वापरले. १९९८ च्या आयमॅकपासूनच्या अशा मॅकमधील, यंत्र सुरू करणाऱ्या ‘ओपन फर्मवेअर’ला ईएक्सटी४ कळत नाही, ॲपलची स्वतःची एचएफएस मात्र कळते. म्हणून डिस्कवर सगळे लिनक्स असले, तरी बूट लोडरपुरते एक चिमुकले एचएफएस पार्टिशन ठेवावे लागते. याबूट या बूट लोडरला त्यासाठी ८०० किलोबाइट पुरत. ते फॉर्मॅट करणारे एचफॉरमॅट हे अवजार एचएफएसयूटिल्स या पॅकेजात असते. ते सीडीवर नसेल, तर बाकीची सिस्टीम डिस्कवर सुखरूप उतरते, पण मशीन पुन्हा चालू केल्यावर पडद्यावर प्रश्नचिन्हाचा फोल्डर लुकलुकत राहतो. गिगाबाइटांचा संसार मांडून झाल्यावर उंबरठाच नसावा, तसा हा प्रकार.

डेबियन या लिनक्स वितरणाने २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून ३२ बिट पॉवरपीसीला अधिकृत यादीतून वगळले. तेव्हापासून त्याची देखभाल ‘डेबियन पोर्ट्स’मधील स्वयंसेवकांकडे आहे. डेबियनचा इन्स्टॉलर ‘यूडेब’ नावाची खास छोटी पॅकेजेस वापरतो. त्यामुळे एखादे अवजार मुख्य संग्रहात असूनही इन्स्टॉलरमध्ये नसते.

अडल्यावर सर्वांत सोपी वाट म्हणजे मुख्य पार्टिशनसाठी एक्सएफएसचा हट्ट सोडून ईएक्सटी४ घेणे, कारण त्याची अवजारे जवळपास प्रत्येक सीडीवर असतात. एचएफएसला असा पर्याय नाही. तिथे डिस्क काढून पीसीला जोडावी आणि पीसीवरच्या लिनक्समधून फॉर्मॅट करावी. प्रोग्रॅम प्रोसेसरला बांधलेला असला, तरी डिस्कवरची मांडणी तशी नसते. मात्र नव्या पीसीवर ईएक्सटी४ बनवली, तर तिच्यात जुन्या कर्नलला न कळणाऱ्या सोयी आपोआप चालू होऊ शकतात. त्या फॉर्मॅट करतानाच बंद कराव्यात.

सीडीवर बॅश शेल असेल, तर पार्टिशनला हात लावण्यापूर्वी टर्मिनलमध्ये ‘एमकेएफएस’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहून टॅब दोनदा दाबावे. त्या नावाने सुरू होणारी सगळी अवजारे समोर येतात. एचफॉरमॅट या यादीत दिसणार नाही, ते वेगळे तपासावे.