‘दे’ आणि ‘धन’ यांची टक्कर

जावा या संगणकभाषेला ‘दे’ या शब्दाचा हॅश, म्हणजे शब्दावरून काढलेला आकडा, विचारला, तर उत्तर येतं ७४९७७. ‘धन’चा विचारला, तरी ७४९७७. ‘जा’चा हॅश ७४६५८, आणि ‘झट’चाही तोच. अर्थाने इतके लगटून असलेले शब्द एका आकड्यावर यावेत हा निव्वळ योगायोग. पण ते का येतात, याचं उत्तर आपल्या वर्णमालेत आहे आणि ते कागद-पेन्सिलीने काढता येतं.

युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो. द आहे २३४२ आणि एकाराची मात्रा २३७५. जावाचा नियम असा: पहिल्या चिन्हाच्या क्रमांकाला ३१ ने गुणायचं, त्यात पुढच्याचा क्रमांक मिळवायचा, आणखी चिन्हं असतील तर आलेल्या उत्तराला पुन्हा ३१ ने गुणून पुढे जायचं. २३४२ गुणिले ३१ म्हणजे ७२६०२. त्यात २३७५ मिळवले की ७४९७७. आता ‘धन’ घ्या. द नंतर ध, म्हणजे क्रमांक एकाने वाढला आणि गुणाकारात ३१ जास्त आले. पण न आहे २३४४, एकाराच्या मात्रेपेक्षा बरोबर ३१ ने मागे. वाढले तेवढेच घटले! ज आणि झ शेजारी, ट आणि काना यांच्यात ३१ चं अंतर, म्हणून ‘जा’ आणि ‘झट’ही एकत्र. युनिकोडचा देवनागरी तक्ता १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकावरून घेतलेला आहे. त्यात व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने बसवली आहेत आणि मात्रा त्यांच्या मागून. शाळेत घोकलेला तो क्रम असा एका प्रोग्रॅमच्या पोटात जाऊन भेटतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हा आकडा काढायचाच कशाला? शोधाशोध टाळण्यासाठी. लाखो नावांच्या यादीत एक नाव हवं असेल, तर यादी चाळत बसण्याऐवजी नावावरूनच आकडा काढायचा आणि त्या आकड्यावरून ठरणाऱ्या कप्प्यात थेट हात घालायचा. यादी दहापट वाढली तरी कप्पेही तेवढे वाढवले की वेळ जवळपास तेवढाच लागतो. ही कल्पना आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५३ च्या एका अंतर्गत टिपणात मांडली. याच लूननी लांबलचक क्रमांकाच्या शेवटी एक तपासणीचा अंक जोडायची रीतही काढली. आज क्रेडिट कार्डाचा शेवटचा अंक त्याच रीतीने ठरतो. दोन्ही कल्पनांचं बीज एकच: मोठ्या मजकुरातून झटपट एक छोटा आकडा काढायचा. त्यात गुपित काही नाही.

लूनच्या रीतीत एक भोक मात्र राहिलं. शेजारचे दोन अंक उलटे टाइप झाले तर ती ओळखते, पण ० आणि ९ यांची अदलाबदल तिला दिसत नाही. १९६९ मध्ये याकोबस फेरहूफ या डच गणितज्ञाने ते भोक बुजवलं. पुठ्ठ्याचा एक नियमित पंचकोन कापा. तो फिरवून आणि पालथा करून मूळ जागी दहा प्रकारे बसवता येतो; हे दहा प्रकार म्हणजे दहा अंक. आधी फिरवून मग पालथा करणं आणि आधी पालथा करून मग फिरवणं, यांतून पंचकोन वेगवेगळा बसतो. म्हणजे इथे क्रमाला महत्त्व आहे, जे साध्या बेरजेत नसतं. याच्या जोडीला अंकाच्या स्थानानुसार एक ठरलेली अदलाबदल केली, की एका अंकाची कुठलीही चूक आणि शेजारच्या दोन अंकांची कुठलीही उलटापालट सुटत नाही.

ही रीत आधार क्रमांकाच्या रूपाने आपल्या जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात आहे. आधार प्राधिकरणाचं तंत्रज्ञान केंद्र बेंगळुरूत उभं राहिलं. २०१० मध्ये क्रमांकाची रचना ठरली तेव्हा अकरा अंक यादृच्छिक आणि बारावा फेरहूफच्या रीतीने, असं ठरलं. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेही याच पंचकोनी हिशेबातून निघालेले. एखादा अंक चुकला, तर तो क्रमांक बेंगळुरूपर्यंत पाठवायचीही गरज नाही. समोरचं यंत्र नेटवर्क नसतानाही सांगू शकतं की काहीतरी चुकलंय. अर्थात बारावा अंक जुळला म्हणजे माणसाची ओळख पटली, असं नव्हे. तो अंक कुणीही काढू शकतो. त्याचं काम चूक पकडणं, चोर पकडणं नाही.

वेगवान हॅशचंही तसंच. पासवर्ड किंवा सही जपण्यासाठी वापरला जाणारा एसएचए-२५६ मजकुराच्या दर ६४ बाइटांवर ६४ फेऱ्या करतो, कारण त्याला शत्रूशी सामना करायचा असतो. नुसता कप्पा शोधायला एवढा खटाटोप कशाला? जावातल्या ३१ च्या गुणाकारात प्रोसेसरला खरा गुणाकारही करावा लागत नाही: संख्या पाच घरं डावीकडे सरकवायची, म्हणजे ३२ पट होते, आणि तीच एकदा वजा करायची. ऑस्टिन ॲपलबी यांनी २००८ मध्ये आणलेला मर्मरहॅश गुणाकार आणि बिटांचं चक्राकार सरकवणं आलटून-पालटून करतो. त्यामुळे मजकुरातला एक बिट बदलला तरी उत्तरातले सरासरी निम्मे बिट उलटतात. ‘दे’ आणि ‘धन’सारखं सरळ हिशेबातलं नातं तिथे टिकत नाही. यान कोले यांचा २०१२ चा एक्सएक्सहॅश तर सेकंदाला अब्जावधी बाइट गिळतो. कॅसांड्रा हा डेटाबेस पूर्वी नोंदी कुठल्या मशीनवर ठेवायच्या हे एमडी५ या गुप्ततेसाठी घडवलेल्या हॅशवरून ठरवायचा, १.२ आवृत्तीपासून तो मर्मरवर आला. गुप्ततेची गरजच नव्हती, मग तिची किंमत का मोजायची?

पण गुपित नसण्याचीही किंमत असते. ‘देदे’, ‘देधन’, ‘धनदे’, ‘धनधन’ या चौघांचा हॅश जावात एकच. अशा सोळा जोड्या लावल्या की ६५,५३६ वेगवेगळे शब्द मिळतात, आणि सगळे एकाच कप्प्यात जाऊन पडतात. नवा शब्द आला की कप्प्यातल्या आधीच्या प्रत्येकाशी तुलना. एकूण जवळपास २१५ कोटी तुलना! पाठवणाऱ्याला फक्त एक फॉर्म भरून धाडायचा असतो. घाम सर्व्हरला फुटतो. क्रॉस्बी आणि वॉलक यांनी २००३ मध्ये हा धोका दाखवला होता. तरी जाग आली ती डिसेंबर २०११ मध्ये, बर्लिनच्या परिषदेत क्लिंक आणि वेल्डे यांनी पीएचपी, जावा, पायथन, रुबी यांच्यावर हाच हल्ला होऊ शकतो हे मांडल्यावर.

पुढच्याच वर्षी ओमासों आणि बर्नस्टाइन यांनी सिपहॅश आणला. तो पुरेसा वेगवान, आणि त्यात एक गुप्त किल्ली मिसळलेली. पायथनने तो ३.४ आवृत्तीत घेतला. तिथे किल्ली दर वेळी नव्याने निवडली जाते, त्यामुळे प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालवला की त्याच शब्दाचा हॅश बदललेला असतो. हल्लेखोराने आधीपासून याद्या करून ठेवायच्या तरी कशाच्या जोरावर?

जावाला हा मार्ग बंद होता. ३१ चं सूत्र तिच्या जाहीर व्याख्येतच छापलेलं. ते बदलणं म्हणजे जगभरच्या चालू प्रोग्रॅमशी केलेला करार मोडणं. म्हणून २०१४ च्या जावा ८ मध्ये आकडा तसाच ठेवून कप्प्याची आतली मांडणी बदलली. थोड्या नोंदी असतील तर साधी रांग. मोठ्या तक्त्यात एकाच कप्प्यात आठाच्या वर नोंदी साचू लागल्या, की त्या रांगेचं संतुलित झाड होतं. त्यात शब्द वर्णक्रमाने डावी-उजवीकडे बसतात. मग एका कप्प्यात लाख शब्द कोंबले, तरी हवा तो वीस-तीस तुलनांत सापडतो.