हशासाठी सोडलेली जागा

देवीचा गोंधळ बघत वाढलेल्या माणसाला जुने विनोदी बोलपट शिकवावे लागत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. आमच्या तुळजापुरात ते शिक्षण लहानपणीच होतं. नायक कथा लावतो, साथीदार मधेच भाबडेपणानं काहीतरी विचारतो, नायक त्याला झापतो आणि बसलेली माणसं हसतात. हसू ओसरेपर्यंत नायक पुढचं वाक्य उच्चारत नाही. १९३०च्या दशकातल्या विनोदी बोलपटांचा जीव याच थांबण्यात आहे.

माझं कुंकू-कवड्यांचं दुकान आहे. मंगळवार-शुक्रवारची गर्दी आटोपली की रात्री घरी टीव्हीवर मी हे चित्रपट लावतो. ‘काका, किती हळू चाललंय हे!’ ही पुतण्याची नेहमीची तक्रार. त्याचं खोटं नाही. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ला आला, पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि आपल्याकडे पडदा बोलायला लागला. पण सुरुवातीच्या काळात कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून त्याला बंदिस्त करावं लागे. माईक फुलदाणीत नाहीतर टेबलामागं लपवलेला, त्यामुळं नटानं फार लांब जायचं नाही. मूकपटातली धावपळ आणि पडापड आखडली, तिची जागा संवादानं घेतली. चॅप्लिननं मात्र हट्टानं ‘सिटी लाइट्स’ (१९३१) संवादांशिवाय केला.

लॉरेल आणि हार्डी आवाजाशी किती छान खेळले, हे बघायचं तर ‘द म्युझिक बॉक्स’ (१९३२) बघा. दोघांना एक पियानो लांबलचक जिन्यावरून टेकडीवरच्या घरी न्यायचा असतो. खोक्यात बंद असलेला पियानो हातातून निसटतो, पायरीपायरीवर आपटत खाली येतो आणि दर आदळण्याला आतून झणझणतो. पियानो दिसत नाही, नुसता ऐकू येतो, आणि हसू त्या झणझणण्याचं येतं. शेवटी पोस्टमन सांगतो की मागून गाडीरस्ता आहे. तर हे दोघं वर चढवलेला पियानो पुन्हा पायऱ्या उतरवून खाली आणतात आणि रस्त्यानं वर नेतात! लॉरेल आपले चित्रपट आधी प्रेक्षकांना दाखवून, ते कुठं किती हसतात हे पाहून कापायचा. पुढचा संवाद हशात बुडू नये म्हणून जागा सोडायचा. एकट्यानं बघितलं तर तीच जागा रिकामी वाटते.

आपल्याकडे विनोदी बोलपटांना बहर कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सनं आणला. मास्टर विनायक दिग्दर्शक, लेखणी आचार्य अत्र्यांची. ‘ब्रह्मचारी’त (१९३८) विनायकांचा औदुंबर ब्रह्मचर्यावरचं भाषण ऐकून पेटतो, नट्यांची चित्रं फेकून देतो, आणि पुढं किशोरी नावाची तरुणी त्याचं व्रत डळमळीत करते. मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखातल्या गाण्यावर तेव्हा गदारोळ झाला. आज लोकांना तेवढंच आठवतं, याचं मला वाईट वाटतं. पोकळ आदर्शाची इतकी खेळकर टर आपल्या पडद्यावर फार थोड्यांनी उडवली आहे.

मला सगळ्यात जवळचा ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९). नगरपालिकेतला साधा कारकून बगाराम. त्याला आवडणाऱ्या मालतीच्या आजारी भावाला औषध म्हणून ब्रँडी हवी असते, आणि या निर्व्यसनी माणसाला ती कशाशी खातात हेही ठाऊक नसतं. दामुअण्णा मालवणकर ही भूमिका विनोद करण्यासाठी करतच नाहीत. ते मनापासून बाटली शोधतात. त्यांची तिरळी नजर, अगदी गंभीर चेहरा आणि उत्तराआधीचा क्षणभराचा थांबा बघा. आमचा गोंधळातला साथीदार नेमका असाच थांबतो. पुढच्याच वर्षी चि. वि. जोशींच्या कथेवरच्या ‘लग्न पहावं करून’मध्ये तेच चिमणराव झाले, गुंड्याभाऊ विष्णुपंत जोग.

माझे आजोबा मालासाठी सोलापूरला जात, तेव्हा असे बोलपट बघून येत. तुळजापूर तेव्हा निजामाच्या राज्यात आणि सोलापूर इंग्रजी अमलात, पण हसायला सीमा ओलांडून जायची त्यांची तयारी असे.

तुम्हाला एवढीही पायपीट नाही. ‘ब्रँडीची बाटली’पासून सुरुवात करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पुढं बसवा, चार शेजारी बोलवा, आवाज मोठा ठेवा आणि पहिली दहा मिनिटं कुणालाही उठू देऊ नका.