पत्र्यामागे दडलंय काय?

२०१७ नंतरची काही वर्षं मुंबईत कुणाला पत्ता विचारला की उत्तर यायचं, ‘पत्रे संपले की डावीकडे.’ आणि पत्रे काही संपायचे नाहीत. हे पत्रे कुलाबा–वांद्रे–सीप्झ, म्हणजेच मेट्रो-३ च्या कामाभोवतीचे. लांबी ३३.५ किलोमीटर, स्थानकं २७, त्यातली २६ जमिनीच्या पोटात. जे काही घडत होतं ते पायाखाली, आणि डोळ्यांसमोर नुसता पत्रा. मग काय, प्रत्येक चाळीत एकेक भूगर्भतज्ज्ञ उगवला. ‘आत काही नाही हो, दोन वॉचमन आणि एक खुर्ची.’ ‘मशीन अडकलंय.’ ‘पाणी लागलंय.’ ‘निवडणुकीशिवाय हलत नाही हे.’

खरी गंमत पुढेच आहे. या मार्गावर यंत्रांनी बोगद्याचं शेवटचं टोक फोडलं ते ३० नोव्हेंबर २०२२ ला. हा ४२ वा ब्रेकथ्रू. प्रवाशांना घेऊन पहिली गाडी धावली ऑक्टोबर २०२४ मध्ये. म्हणजे पत्र्याच्या फटीला डोळा लावून लोक ‘बोगदा कधी होणार?’ विचारत होते, तेव्हा बोगदा होऊन दोन पावसाळे लोटले होते!

नद्यांच्या बांगड्या

खोदणारी यंत्रं सतरा. नावं कुणाची? गोदावरी, कृष्णा, तापी, वैनगंगा, वैतरणा, तानसा, सूर्या. जगभर अशा यंत्रांना बाईचं नाव देण्याची जुनी चाल आहे. बोगदेवाल्यांची रक्षणकर्ती संत बार्बरा, तिच्यापर्यंत हे नातं नेतात. आपल्याकडे नदी स्त्रीलिंगीच, त्यामुळे वेगळं बारसं करायची गरजच पडली नाही. त्यातल्या तानसा-वैतरणा तर आधीपासून मुंबईला पाणी पाजतात. त्यांच्याच नावांनी शहराचं पोट पोखरलं गेलं, हा योगायोग कुणाच्या लक्षात आला होता की नाही कोण जाणे.

आता ‘मशीन थांबलंय’ या लाडक्या अफवेबद्दल. ती चक्क खरी होती, रोज आणि दिवसातून कित्येकदा. यंत्राच्या तोंडाशी फिरणारी चकती खडक कुरतडते. दीडेक मीटर पुढे सरकलं की यंत्र थांबतं आणि मागच्या बाजूला काँक्रीटचे वाकडे तुकडे जोडून एक गोल कडं बसवतं. मग त्याच कड्याला जॅकने रेटा देऊन पुन्हा पुढे. थोडक्यात, ही नदी एकेक बांगडी भरत चालते. बांगडी भरून झाल्याशिवाय पुढचं पाऊल नाही.

चांगला दिवस असेल तर आठ-दहा मीटर होतात. तेवढं अंतर गोगलगाय दोन-तीन तासांत कापेल.

आणि हो, या यंत्राला रिव्हर्स गिअर नाही. मागे बसवलेली कडी यंत्राच्या तोंडापेक्षा अरुंद असतात, त्यामुळे आलं त्या वाटेनं परत जाता येत नाही. विरार फास्टमध्ये दादरला चुकून आत ढकलला गेलेला माणूस आठवा. पुढेच जायचं, दुसरा इलाज नाही.

मग वेळ गेला कुठे?

बोगदा हा सोपा भाग होता, असं म्हटलं तर इंजिनिअर लोक रागावतील, पण फार रागावणार नाहीत. वेळ खाल्ला तो स्थानकांनी. स्थानक म्हणजे वरून उघडलेला भलामोठा खड्डा. खड्डा घ्यायचा तर आधी तिथली पाण्याची, सांडपाण्याची, विजेची, टेलिफोनची जुनी जाळी हलवायची. गिरगाव-काळबादेवीत तर वरून खड्डा घ्यायला जागाच नव्हती, म्हणून तिथे खालून थोडं थोडं कोरत जावं लागलं, आणि वरच्या जुन्या इमारतींमधल्या कुटुंबांना आधी दुसरीकडे न्यावं लागलं. पत्र्यांवर सगळ्यात जास्त चिडलेले लोक याच भागातले. त्यांचं चिडणं अगदी रास्त होतं. दुकानासमोर सहा वर्षं पत्रा उभा असेल तर गिऱ्हाईक येणार कुठून?

रात्रीचा प्रश्न वेगळाच. २०१७ मध्ये कुलाबा-कफ परेडकडची आवाजाची तक्रार हायकोर्टात पोचली आणि रात्री दहा ते सकाळी सहा काम बंद झालं. ते पुन्हा सुरू व्हायला २०१८ उजाडलं. दिवसा ट्रॅफिकमुळे डंपर हलत नाही, रात्री कोर्टामुळे. मातीनं जायचं कधी? २०१८ मध्येच पारशी बांधवांनी आतश बेहराम या अग्निमंदिराजवळून बोगदा जाऊ नये म्हणून कोर्टाचं दार ठोठावलं. पवित्र अग्नीच्या आणि विहिरीच्या खालच्या जमिनीला धक्का लागेल, ही त्यांची भीती. कोर्टाने अटी घातल्या आणि काम पुढे गेलं.

पण सगळ्यात मोठा घोळ गाड्या ठेवायच्या जागेचा. आरेतली झाडं ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात तोडली गेली, शहर रस्त्यावर आलं, सरकार बदललं, कारशेड कांजूरमार्गला निघाली, तिथेही प्रकरण कोर्टात अडकलं, पुन्हा सरकार बदललं आणि २०२२ मध्ये कारशेड परत आरेत! मधल्या काळात खाली यंत्रं मुकाट्यानं बांगड्या भरत होती. लग्न उरकलं आणि नवरा-नवरीला राहायला कुठं ठेवायचं ते ठरेना, अशी गत. खर्चाचा आकडाही या वेळात २३,१३६ कोटींवरून ३७,२७६ कोटींवर गेला. यावर टपरीवरच्या तज्ज्ञांचं मत छापण्याजोगं नाही.

वरळीचा बेडूक

मुंबईच्या खाली आहे काय? मुख्यतः ज्वालामुखीचा काळा कातळ, साधारण साडेसहा कोटी वर्षं जुना. पण लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे तळ्यातला गाळ दबून राहिलाय. वरळीच्या टेकडीतल्या अशाच थरात इवल्याशा बेडकांचे जीवाश्म सापडले आणि १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांना शास्त्रीय नाव दिलं. हेच ते ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणारे गृहस्थ. म्हणजे मेट्रोच्या पावणेदोनशे वर्षं आधी वरळीच्या पोटातून पहिली बातमी आली ती बेडकाची.

बेडकाच्या वंशजांना आनंद व्हावा असा दिवस २६ मे २०२५ ला उगवला. आदल्या पंधरवड्यात, १० मे रोजी, मेट्रो वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत पोचली होती. २६ तारखेला मान्सूनने ठरलेल्या तारखेच्या सोळा दिवस आधी मुंबई गाठली आणि अपुऱ्या राहिलेल्या प्रवेशद्वारातून पाणी धो-धो स्थानकात घुसलं. फलाटावर चिखल, पायऱ्यांवर धबधबा, मोबाइलमोबाइलवर व्हिडिओ. ‘गेल्या दहा हजार वर्षांत’ ही अत्र्यांची ठेवणीतली सुरुवात. त्यांच्याच नावाच्या स्थानकावर ती त्या दिवशी किती जणांच्या तोंडी आली असेल!

सांत्वनाचे दोन शब्द

आपणच कपाळकरंटे, असं वाटत असेल तर न्यूयॉर्ककडे बघा. तिथल्या सेकंड अ‍ॅव्हेन्यू सबवेची कल्पना निघाली १९२० च्या आसपास, पहिला टप्पा उघडला १ जानेवारी २०१७ ला. अ‍ॅमस्टरडॅममध्ये खोदकामाच्या वेळी जुनी घरं खचली आणि उत्तर-दक्षिण मेट्रो २०१८ पर्यंत लांबली. पण मधल्या खोदाईत इतक्या जुन्या वस्तू निघाल्या की रोकिन स्थानकातल्या सरकत्या जिन्यांमध्ये त्यांचं संग्रहालयच मांडलं. घरच्यांचं बघायचं तर कोलकात्याने देशातली पहिली भुयारी रेल्वे रस्ते वरून खोदून बांधली. पायाभरणी १९७२ ची, गाडी ऑक्टोबर १९८४ मध्ये. एक अख्खी पिढी खड्ड्याकाठी मोठी झाली.

मुंबईत शेवटचा टप्पा, वरळी ते कफ परेड, ९ ऑक्टोबर २०२५ ला प्रवाशांसाठी खुला झाला. पत्रे निघाले. तक्रारी मात्र नव्या कोऱ्या आल्या, पहिली म्हणजे खाली मोबाइलला रेंजच नव्हती. इतकी वर्षं खाली काय चाललंय ते वरच्यांना कळत नव्हतं. मग खालच्यांना वर काय चाललंय ते कळेना.

पत्रे वाया गेलेले नाहीत म्हणा. ठाणे–बोरिवली जुळा बोगदा राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून जायचाय, मोटारींसाठी. तिथंही पत्रा आला, पाठोपाठ टपरी आली, आणि ‘आत काही नाही हो’ म्हणणारे काकाही येणारच. त्यांनी छातीठोकपणे सांगितलं की मशीन थांबलंय, तर मान डोलवा. खरंच थांबलेलं असेल. बांगडी भरतेय.