फायलीतला कोरा रकाना

नर्सिंग होममधल्या प्रत्येक फायलीत वेदनेचा रकाना असतो. प्रगत डिमेन्शियाच्या माणसाच्या फायलीत तो पुष्कळदा कोरा दिसतो, कारण "दुखतंय का?" या प्रश्नाला त्याच्याकडून उत्तर येत नाही. या अवस्थेत दिवसभरात चार-पाच शब्दही नीट उमटत नाहीत, पोटचं मूल ओळखू येत नाही, कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागतो. अशा माणसाचे शेवटचे महिने सुखाचे गेले की हालाचे, हे ठरवायचं कसं? मॅसॅच्युसेट्समध्ये नर्सची नोकरी करताना हा प्रश्न मला प्रत्येक पाळीत भेटतो.

उत्तराचा मोठा भाग याच राज्यात शोधला गेला. बेडफर्डला माजी सैनिकांचं रुग्णालय आहे. तिथल्या व्हिक्टोरिया वॉर्डन, अ‍ॅन हर्ली आणि लाडिस्लाव व्होलिसर यांनी २००३ साली 'पेनॅड' ही वेदनेची मोजपट्टी मांडली. रुग्णाला काही विचारायचंच नाही, नुसतं नीट बघायचं. श्वास कसा चाललाय, कण्हणं-ओरडणं आहे का, चेहरा, अंगाची ठेवण, आणि जवळ घेतल्यावर माणूस शांत होतो का. प्रत्येक गोष्टीला ० ते २ गुण, एकूण १०.

आमच्याकडे एक आजोबा अंघोळीच्या वेळी हात उगारायचे. फायलीत 'आक्रमक' अशी नोंद पडली आणि शांत ठेवणारं औषध वाढवायची चर्चा सुरू झाली. त्यांना अंघोळ घालणारी साहाय्यक हैतीची. ती म्हणाली, "एरवी नाही मारत. डावा खांदा उचलला की मारतात." अंघोळ चालू असताना मोजपट्टी लावली, तर सात गुण! मग डॉक्टरांनी अंघोळीच्या तासभर आधी साधं पॅरासिटॅमॉल सुरू केलं आणि त्या चर्चेची गरजच उरली नाही. आमच्या इमारतीत सगळ्यांत कमी पगार या साहाय्यकांना आणि रुग्णाची सगळ्यांत जास्त खबर त्यांनाच. तरी मूल्यमापनाच्या फॉर्मवर त्यांच्या सहीला जागा नाही. हे मला आजही पटत नाही.

दुसरी गोष्ट एका मराठी आजींची. त्यांनी गिळणं जवळजवळ सोडलं होतं आणि रुग्णालयातून पोटात नळी घालायचा सल्ला आला होता. लेक माझ्याजवळ येऊन रडली, "आईला उपाशी कशी ठेवू?" आपल्याकडे हाच प्रश्न सगळ्यांत आधी येतो आणि तो खोटा नाही. मी म्हटलं, "ताई, उपाशी कोणीच ठेवणार नाही. चमच्यानं भरवू, त्यांना हवं तेवढंच. तोंड मिटलं की थांबू." या टप्प्यावर नळीनं आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही. न्यूमोनिया टळत नाही, पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमाही टळत नाहीत, आणि रुग्णानं नळी उपसू नये म्हणून कधीकधी हात बांधावे लागतात. अमेरिकेतली वृद्धरोगतज्ज्ञांची संघटनाही हातानं भरवण्याचीच शिफारस करते. हे सगळं तिनं डॉक्टरांशी बोलून पक्कं केलं आणि मग रोज गुरगुट्या भात आणि तूप घेऊन यायला लागली. कधी दोन चमचे जायचे, कधी एकही नाही. काही आठवड्यांनी आजी आमच्याकडेच, आपल्या खोलीत गेल्या.

लेकीचं एक वाक्य मला विसरता येत नाही : "हा आजार जीव घेतो, हे दोन वर्षांत मला कोणीच सांगितलं नाही."

तिचा अनुभव एकटीचा नव्हता. बॉस्टनच्या सुझन मिचेल आणि सहकाऱ्यांनी २२ नर्सिंग होममधल्या प्रगत डिमेन्शियाच्या ३२३ रहिवाशांचा १८ महिने पाठपुरावा केला आणि २००९ साली तो 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. त्या काळात जवळपास ५५ टक्के रहिवासी दगावले. ८६ टक्क्यांना खाण्यागिळण्याचा त्रास झाला. जे गेले, त्यांतल्या सुमारे ४१ टक्क्यांना अखेरच्या तीन महिन्यांत रुग्णालयाची वारी, शिरेतून औषधं किंवा नळी यांपैकी काहीतरी सोसावं लागलं. आणि ज्यांनी निर्णय घ्यायचा त्या नातलगांपैकी ९६ टक्क्यांना हवा होता तो मुख्यतः आराम. पण पुढे किती काळ उरलाय, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं फक्त १८ टक्क्यांना. ज्यांना आजाराचा शेवट आणि वाटेतली दुखणी ठाऊक होती, त्यांच्या माणसांवर असे उपचार फारच कमी झाले.

म्हणून शेवटच्या काळातली काळजी तपासायची तर माझ्या मते औषधांच्या यादीआधी एक गोष्ट बघावी : घरच्यांशी कोणी स्पष्ट बोललं आहे का?

महाराष्ट्रात असे रुग्ण बहुतेक घरातच असतात. सून, मुलगी, नाहीतर दिवसपाळीची ताई त्यांचं सगळं बघते. तुमच्या घरी असं कोणी असेल तर डॉक्टरांना थेट विचारा : आजार कुठवर आलाय, पुढे काय काय होणार, आणि हा उपचार आईला आराम देईल का? आणि अंघोळ घालणाऱ्या ताईला विचारा, आई कधी कण्हते. तिनं सांगितलेलं लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा.