चाळीस गीतं डोक्यात
१८६८ सालची गोष्ट. विल्यम डोन हे संगीतकार न्यूयॉर्कमध्ये गीतकार फॅनी क्रॉस्बी यांच्याकडे आले ते घाईघाईतच. गाडी सुटायला जेमतेम चाळीस मिनिटं उरलेली. चाल तयार होती, शब्द नव्हते. त्यांनी चाल ऐकवली. फॅनीबाई दुसऱ्या खोलीत गेल्या आणि साधारण अर्ध्या तासात अख्खं गीत तयार करून आल्या. त्या सांगत गेल्या, डोन यांनी उतरवून घेतलं आणि गाडी गाठली.

बाईंना दिसत नव्हतं. १८२० साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यात त्या जन्मल्या. दीड महिन्याच्या असताना डोळे सुजले, उपचार म्हणून डोळ्यांवर गरम पोटीस बांधलं गेलं आणि त्यातच दृष्टी गेली, असं घरचे कायम मानत आले. वडील लवकरच वारले, आई लोकांच्या घरी कामाला जाऊ लागली. आजीनं नातीला फुलं, पाखरं, सूर्यास्ताचे रंग सगळं बोलून बोलून दाखवलं. पुढे घरमालकीणबाईंनी बायबल पाठ करून घ्यायला घेतलं, आठवड्याला पाच अध्याय! पंधराव्या वर्षापर्यंत चारही शुभवर्तमानं, मोशेची पाच पुस्तकं आणि कितीतरी स्तोत्रं मुलीला मुखोद्गत होती.

मला वाटतं, त्या अर्ध्या तासाची तयारी इथेच झाली. एकावेळी चाळीसेक गीतं त्या डोक्यात धरून ठेवत, मनातल्या मनात दुरुस्त करत आणि मगच कुणाला तरी सांगत. रचताना हातात एखादं लहानसं पुस्तक मात्र लागायचं. वाचता येत नसलेलं पुस्तक! न्यूयॉर्कच्या अंधशाळेत त्या शिकवत असताना त्यांच्या कविता उतरवून घेणारा एक तरुण कारकून होता, ग्रोव्हर क्लीव्हलंड. तो पुढे दोनदा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

चालीवर शब्द बसवणं म्हणजे नुसती अक्षरं मोजणं नव्हे. इंग्रजीत शब्दाचा आघात नेमका ठेक्यावर पडावा लागतो आणि लांबवायच्या सुरावर मोकळा स्वर आला तर गाणाऱ्यांचा गळा खुलतो. १८७३ मध्ये फीबी नॅप या मैत्रिणीनं नवी चाल वाजवून विचारलं, ही काय सांगते आहे? फॅनीबाईंनी त्या सुरांतच अर्थ ऐकला आणि 'ब्लेस्ड अ‍ॅशुरन्स' जन्मलं.

भक्तिगीतांकडे त्या वळल्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. १९१५ साली वारल्या तेव्हा गीतं आठ हजारांवर गेली होती. एकाच पुस्तकात एकाच बाईची इतकी गीतं कशी छापायची, या प्रकाशकांच्या अडचणीपायी त्यांनी दोनशेच्या आसपास टोपणनावं वापरली. एका गीताचे मिळायचे एक-दोन डॉलर. राहायच्या गरीब वस्तीत आणि हातातला पैसा गरजूंना देऊन टाकायच्या.

डोन यांनी गाडीत नेलेलं ते गीत होतं 'सेफ इन द आर्म्स ऑफ जीझस', येशूच्या कुशीत सुखरूप. मूल गमावलेल्या आयांनी ते जवळ केलं. फॅनीबाईंनाही एकच मूल झालं होतं आणि ते तान्हेपणीच गेलं होतं.