कामाच्या ठिकाणी साक्ष

दारयावेश राजाने 120 प्रांताधिकारी नेमले व त्यांच्यावर तीन अध्यक्ष. त्यांपैकी एक दानीएल (दानीएल, अध्याय 6). दरबार परधर्मीयांचा होता. वैऱ्यांनी त्याच्या कारभारात खोट शोधली, सापडली नाही. म्हणून शेवटी त्याची प्रार्थनाच गुन्हा ठरवली. आधी चोख काम, मग विश्वासाची कसोटी, हा क्रम ध्यानात घ्यावा.

आपल्यापैकी कोणी रोजगार हमीच्या कामावर हजेरी घेतो. जो राबलाच नाही त्याचे नाव मस्टरवर चढले, की गरजू आदिवासी मजुराच्या हक्काचा पैसा भलत्याच्या खिशात जातो. तेथे नम्रपणे सही नाकारणे हीच साक्ष. वरिष्ठ रागावतील, कदाचित बदलीही होईल. दानीएलालाही सिंहांची गुहा चुकली नाही; पण देवाने त्याला तेथे एकटे सोडले नाही. अशा सेवकांना आपल्या प्रार्थनेत आठवा.